पाठ असलेला नंबर

शिवाजी पेठेंत राहणाऱ्या माणसाला परदेशीं जाण्याचें विशेष वेड असतें असें मला वाटत नाहीं. सकाळीं रंकाळ्यावर एक फेरी, संध्याकाळीं निवृत्ति चौकांत अर्ध्या शिवाजीच्या पुतळ्यापाशीं चार मित्रांची गांठ, आणि मोसम असेल तेव्हां फुटबॉलच्या सामन्यावरून होणारें कडाक्याचें भांडण, एवढ्यांत आमचें जग पुरें होतें. पण मुलगी नोकरीच्या निमित्तानें मिलानला जाऊन राहिली, आणि दोन वर्षें "येतों, येतों" म्हणून चालढकल केल्यानंतर गेल्या ऑक्टोबरांत आम्हां उभयतांना निघणें भागच पडलें.

निघण्याच्या तयारींत पासपोर्ट, औषधें, मेतकूट आणि कांदालसणाची चटणी यांच्या जोडीला एक नवीन वस्तु माझ्या यादींत शिरली. वस्तु म्हणणें खरें म्हणजे चूकच; कारण तिला आकार नाहीं, वजन नाहीं, आणि ती हरवली तर कोठें शोधावी हेंही ठाऊक नाहीं. तिचें नांव ई-सिम.

"काका, तिथं उतरल्यावर सिमकार्डाचं दुकान शोधत हिंडूं नका. इथूनच सगळं घालून देतों," असें माझ्या पुतण्यानें सांगितलें. हा मुलगा गोकुळ शिरगांवच्या एका कारखान्यांत काम करतो, आणि घरांतील ज्या ज्या वस्तूला बटण आहे तिचा मालक आपणच आहों अशी त्याची समजूत आहे. आमचीही तीच समजूत असल्यामुळें त्यावरून घरांत कधीं तंटा होत नाहीं.

सिमकार्ड ही चीज मला अपरिचित होती असें नाहीं. १९९१ सालीं एका जर्मन कारखान्यानें फिनलंडमधील एका कंपनीसाठीं जीं पहिलीं कार्डें तयार केलीं, तीं बँकेच्या कार्डाएवढीं मोठीं होतीं. पुढें तें कार्ड अंगठ्याच्या नखाएवढें झालें, मग करंगळीच्या नखाएवढें. शेवटीं चष्मा लावूनही तें त्या चिमुकल्या कप्प्यांत बसवतां येईना. एखाद्या वस्तूला असें रोडावत जाण्याची संवय लागली कीं ती एक दिवस नाहींशी होणार हें ठरलेलेंच. २०१६ सालीं मोबाइल कंपन्यांच्या जागतिक संघानें या अदृश्य कार्डाचे नियम ठरविले, आणि पुढच्या दोन वर्षांत तें मोठमोठ्या कंपन्यांच्या फोनांतून येऊं लागलें. आमच्या पेठेंत तें यावयास आणखी कांहीं वर्षें लागलीं, एवढेंच.

पुतण्यानें मला जें समजावून सांगितलें तें माझ्या समजुतीप्रमाणें असें. कार्ड म्हणून ज्या चकतीला आपण इतकीं वर्षें जपलें, तिचें खरें काम दोनच गोष्टी सांभाळण्याचें: एक आपली ओळख सांगणारा क्रमांक, आणि दुसरी एक गुप्त किल्ली. फोन सुरू झाला कीं कंपनीकडून त्याला एक कोडें घातलें जातें. किल्लीच्या साहाय्यानें कार्ड त्याचें उत्तर काढतें व उत्तर तेवढें परत पाठवितें. किल्ली मात्र कधींच बाहेर काढून दाखवीत नाहीं. पन्हाळ्याच्या तीन दरवाज्यावर रात्रीं आलेल्या हेरानें पहारेकऱ्याला खुणेचा शब्द सांगावा त्यांतलाच हा प्रकार. फरक इतकाच कीं येथें खुणेचा शब्द दर वेळीं निराळा असतो, आणि तो चोरून ऐकणाऱ्याला दुसऱ्या खेपेस त्याचा कांहीं उपयोग होत नाहीं. ई-सिममध्यें ही ओळख आणि ही किल्ली चकतीवर बसून येत नाहींत. फोनच्या पोटांत कारखान्यांतच बसविलेल्या एका बारक्या चिपमध्यें त्या, मोहोरबंद पाकिटांतून याव्यात तशा, हवेंतून उतरतात. एकाच चिपमध्यें अशीं अनेक पाकिटें ठेवतां येतात. घरचें कार्ड आपल्या जागीं राहतें आणि परदेशचें पाकीट त्याच्या शेजारीं येऊन बसतें. एका बिऱ्हाडांत दोन चुली, असें मीं म्हटलें. पुतण्याला ही उपमा आवडली नाहीं, परंतु ती चुकीची आहे असेंही त्याला म्हणतां आलें नाहीं.

माझा फोन या योग्यतेचा आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं त्यानें त्यावर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश अशीं बटणें दाबलीं. तेव्हां ३२ आंकड्यांची एक लांबलचक संख्या उमटली. ती चिपची जन्मपत्रिका. ती निघाली म्हणजे विवाह जमला. मग कंपनीची निवड. परदेशी कंपन्यांचीं सिमें आपल्या देशांत विकावयाचीं तर दूरसंचार खात्याची परवानगी लागते, आणि जानेवारी २०२४ मध्यें दोन बड्या कंपन्यांचीं अॅप्स याच कारणावरून येथें बंद करण्यांत आलीं होतीं. म्हणून त्यानें बरीच चौकशी करून एक कंपनी पसंत केली. १० जीबी डेटा, ३० दिवसांची मुदत, सुमारें १,५०० रुपये. बोलण्यासाठीं नंबर नाहीं, नुसता डेटा.

पैसे भरल्याबरोबर एक क्यूआर कोड आला, आणि येथें मोठीच गंमत झाली. तो कोड माझ्या फोनवर आला होता, आणि माझ्याच फोनच्या कॅमेऱ्यानें त्याच्याकडे पाहावयाचें होतें. आपल्या डोळ्यानें आपलाच डोळा कसा पाहावा? याला आडवाटा आहेत म्हणतात, पण मला कागदावरच्या वस्तूचाच भरंवसा वाटतो. मीं चौकांतील झेरॉक्सच्या दुकानांत जाऊन तो कोड छापून आणला आणि ओट्यावर पसरला.

आई तेथेंच माळ घेऊन बसली होती. तिनें कागद डोळ्यांजवळ धरून न्याहाळला.

"ही कुणाची रांगोळी रं?"

"रांगोळी नव्हे आई, परदेशातलं सिमकार्ड आहे."

"मग नंबर बदलला व्हय तुझा?" तिनें एकदम विचारलें. "मी तुला फोन कसा लावायचा?"

"पूर्वीसारखाच लावायचा. तोच नंबर," मीं म्हणालों.

हें उत्तर मीं किती सहजपणें दिलें तें मला अजून आठवतें.

आईचें वय ८६. मोतीबिंदूचें ऑपरेशन होऊनही तिला बारीक अक्षर दिसत नाहीं. तिच्याजवळ जुना बटणांचा फोन आहे, आणि ती तो डोळ्यांनीं नव्हे तर बोटांनीं वापरते. पांचाच्या बटणावर जो बारीकसा उंचवटा असतो तो अंगठ्याखालीं सांपडला कीं तेथून वर, खालीं, डावीकडे, उजवीकडे असे बाकीचे आंकडे ती शोधून काढते. फोनमधील नांवांची यादी तिच्या उपयोगाची नाहीं. तिला तीन गोष्टी पाठ आहेत: हरिपाठ, अंबाबाईची आरती आणि माझा दहा आंकडी नंबर. पुतण्यानें दोन वर्षांत दोनदां नंबर बदलला. त्याचा तिनें नाद सोडून दिला आहे. माझा नंबर मात्र पहिला फोन घेतल्यापासून एकच आहे. माझ्या लहानपणीं आमच्या सबंध आळींत एकच टेलिफोन होता. मुंबईस ट्रंक कॉल लावावयाचा तर सकाळीं नोंदवून दुपारपर्यंत त्या घराच्या पायरीवर बसून राहावें लागे. त्या पायरीवर बसलेली आई मला आठवते. वडील तेव्हां मुंबईस इस्पितळांत होते. तेव्हांपासून फोन लागणें ही गोष्ट तिच्या लेखीं साधी राहिलेली नाहीं.

निघण्यापूर्वीं पुतण्यानें मला पढवून ठेवलें होतें. "काका, घरच्या सिमचा डेटा रोमिंग बंद ठेवा, पण लाइन चालू ठेवा. प्रवासाच्या सिमचा डेटा रोमिंग चालू करा. बँकेचा ओटीपी घरच्याच नंबरावर येणार." मीं मान डोलाविली. परंतु माझ्या डोक्यांत एका स्नेह्याची हकीकत घोळत होती. तो सिंगापूरची सहल करून आला, आणि आल्यावर त्याच्या हातांत फोनचें जें बिल पडलें त्यांत आणखी एक सिंगापूर झालें असतें. त्यानें घरचा डेटा बंद करावयाचें विसरून परदेशीं चार दिवस चित्रपट पाहिले होते, ही गोष्ट तो सांगतांना शेवटीं सांगतो. मध्यमवर्गीय माणसाच्या मनांत गोष्टीचा शेवट राहत नाहीं, बिलाचा आंकडा राहतो. मुंबईच्या विमानतळावर, विमान सुटण्यापूर्वीं, मीं घरच्या सिमची लाइनच बंद करून टाकली. नळ थेंब थेंब गळूं नये म्हणून मुख्य चावीच बंद करावी तशी. पत्नीला मीं हें मोठ्या शहाणपणानें सांगितलेंही. ती कांहीं बोलली नाहीं. विमानांत बसण्याच्या भीतीनें ती त्या वेळीं रामरक्षा म्हणत होती.

मिलानला उतरलों, प्रवासाची लाइन सुरू केली, आणि मिनिटभरांत फोनच्या माथ्यावर एका इटालियन कंपनीचें नांव उमटलें. लहान मुलासारखा आनंद झाला म्हटलें तरी चालेल. पुढें एक चमत्कार असा दिसला कीं मीं इटलींत असतां फोनवरील जाहिराती मात्र पोलिश भाषेंत येत होत्या. मुलीनें उलगडा केला: मनोरा इटलीचा, पण पाकीट ज्या कंपनीचें तिचें ठाणें दुसऱ्या देशांत, माझें प्रत्येक पत्र आधीं त्या ठाण्यावर जातें आणि मग जगांत शिरतें. त्यामुळें जगाला मी पोलंडमधला वाटतों. शिवाजी पेठेंतला माणूस, मिलानमध्यें बसून, पोलंडच्या दारांतून कोल्हापूरच्या बातम्या वाचीत होता. व्हॉट्सअॅपवर पुतण्याशीं बोललों तर आवाज शेजारच्या खोलींतून यावा इतका स्वच्छ. रोज संध्याकाळीं त्याच्या फोनवरून आईलाही पाहत असूं. तिच्या नंबरावरून आपणांस फोन येत नाहीं, हें त्या आठ-दहा दिवसांत एकदांही माझ्या लक्षांत आलें नाहीं.

फ्लॉरेन्सला जाण्याचा आग्रह माझा. मुलगी चित्रांविषयीं बोलत होती, पत्नी चामड्याच्या पिशव्यांविषयीं. माझ्या मनांत निराळेंच होतें. आमच्या कोल्हापूरचे छत्रपति राजाराम महाराज, ज्यांचें नांव आमच्या राजाराम कॉलेजला आहे, ते १८७० सालीं विलायतेच्या प्रवासास गेले आणि परततांना ३० नोव्हेंबर १८७० रोजीं फ्लॉरेन्स येथें निवर्तले. वय अवघें विशीचें. त्यांची इंग्रजींत लिहिलेली रोजनिशी १८७२ सालीं लंडनमध्यें छापली गेली. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांच्या देहाला अग्नि देण्यांत आला, आणि १८७४ सालीं त्या जागीं स्मारक उभें राहिलें. शाळेंत असल्यापासून मीं हें ऐकत आलों होतों. पंचगंगेच्या घाटावर ज्यांचें स्थान असावयाचें ते परक्या नदीच्या कांठीं राहिले, ही गोष्ट आमचे गुरुजी अशा आवाजांत सांगत कीं मागच्या बाकावरची मुलेंही गप्प बसत.

मिलानहून वेगवान गाडीनें दोन तासांत फ्लॉरेन्स गांठलें. काशीने नांवाची बाग नदीच्या कडेनें तीन-साडेतीन किलोमीटर लांब पसरली आहे आणि स्मारक तिच्या अगदीं पश्चिम टोंकाला आहे. नकाशावरचा निळा ठिपका पुढें सरकत होता आणि त्याच्यामागून आम्ही. मोठमोठीं झाडें, सायकलवरचीं मुलें, कुत्र्यांना फिरवायला आलेल्या म्हाताऱ्या बाया. शेवटीं झाडांच्या कमानींतून एक नक्षीदार छत्री दिसली, आणि तिच्याखालीं रंगविलेला अर्धपुतळा: फेटा, दागिने, कोंवळा चेहरा. अर्ध्या शिवाजीच्या सावलींत वाढलेल्या माणसाला अर्धपुतळ्याचें नवल नाहीं. परंतु त्या चेहऱ्याच्या कोंवळेपणानें मी थबकलों. पुतळा फुलर या इंग्रज शिल्पकारानें घडविला. छत्रीचा आराखडा चार्ल्स मँट याचा. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचा आराखडाही पुढें त्यानेंच केला. म्हणून कीं काय, त्या छत्रीचीं वळणें मला ओळखीचीं वाटलीं. पलीकडे नदीवर तारांनीं तोललेला मोठा पूल आहे. १९७८ सालीं पुरा झालेल्या या पुलाला तेथील लोक 'इंदियानो'चा पूल म्हणतात. त्यावरून मोटारी चाललेल्या असतात. इंदियानो म्हणजे हिंदी माणूस. तो माणूस आमचा.

मीं जोडे काढले. पत्नीनें पर्समधून हळदकुंकवाची पुडी काढली, इकडेतिकडे पाहिलें, आणि चौथऱ्याच्या कडेला बोटभर कुंकू लावलें. मीं फोन काढून चहूंकडून छायाचित्रें घेतलीं आणि आमच्या नातेवाइकांच्या गटावर पाठविलीं. खालीं लिहिलें, "फ्लॉरेन्स, सकाळचे ११. महाराजांच्या चरणीं." एका मिनिटांत कोल्हापुराहून, पुण्याहून आणि एका साडूंकडून नमस्काराचे हात येऊं लागले. मला फार धन्य वाटलें. सुएझचा कालवा महाराजांच्या प्रवासाच्या आदल्याच वर्षीं खुला झाला होता. मुंबईपासून लंडनपर्यंत समुद्रांतून तार जोडली गेली ती १८७० च्या जूनमध्यें. तरी घरचें पत्र यावयास आठवडे लागत. आणि मी येथें १,५०० रुपयांत, नदीच्या कांठीं उभा राहून, निवृत्ति चौकाशीं बोलत होतों! हा विचार मीं पत्नीला आणि मुलीला बोलूनही दाखविला. चांगलें पांच मिनिटांचें भाषण झालें.

फ्लॉरेन्सला ११ वाजतात तेव्हां, ऑक्टोबरांत, कोल्हापुरास अडीच वाजलेले असतात.

पावणेएकच्या सुमारास एका बाकावर बसून आम्ही डब्यांतल्या दशम्या खात होतों. पुतण्याचा संदेश आला: "काका, आज्जी न्हाणीघरात पडली. काळजी नको. दवाखान्यात आणलंय. मनगट दुखावलंय." मीं तत्काळ फोन लावला. चित्र इतकें स्पष्ट दिसलें कीं दवाखान्याच्या भिंतीवरील कॅलेंडरची तारीखही वाचतां येत होती. आईचा हात गळ्यांत बांधलेला. कपाळावर टेंगूळ.

"कुठं हुतास रं?" ती म्हणाली. "किती येळा लावला तुला."

ती पडली अडीचला. पुतण्या कारखान्यांत, सून शाळेंत, वरच्या मजल्यावरचे भाडेकरू गांवीं गेलेले. फोन तिच्या कमरेच्या पिशवींत होता. उजवा हात उचलत नव्हता, म्हणून तिनें डाव्या अंगठ्यानें पांचाचा उंचवटा शोधला आणि तिला पाठ असलेला एकच नंबर लावला. संपर्क होऊं शकत नाहीं, असें एका बाईनें गोड आवाजांत सांगितलें. तिनें पुन्हा लावला. पुन्हा तीच बाई. तिसऱ्या खेपेस आईनें त्या बाईलाच सांगितलें, "बाई, माझ्या लेकाला तेवढा निरोप द्या, आई पडलीया म्हणावं." नंतर नंतर ती नुसतें तेवढेंच सांगत राहिली. सून शाळेंतून आली तेव्हां पावणेचार वाजले होते. आई ओल्या फरशीवर भिंतीला टेकून बसली होती आणि फोन कानाशीं होता.

ही हकीकत आईनेंच मला सांगितली, आणि ती सांगतांना तिला त्या बाईचा थोडा राग आला होता, माझा नाहीं.

फोन ठेवल्यावर बराच वेळ कोणी कांहीं बोललें नाहीं. मग पत्नी म्हणाली, "लाइन सुरू करा."

मीं ती सुरू केली. घरच्या कंपनीचें नांव कांहीं उमटलें नाहीं. उमटलें तें त्याच देशांतल्या दुसऱ्या कंपनीचें. पण पाठोपाठ संदेश येऊं लागले. बँकेचे, विजेच्या बिलाचे, एका कर्ज देणाऱ्याचा. आणि त्यांत एक: आईच्या नंबरावरून आपणांस ११ वेळां फोन आला होता. वेळ दिली होती. पहिला फोन दोन वाजून चौतीस मिनिटांनीं. मीं माझ्या छायाचित्रांची वेळ काढून पाहिली. पाहावयास नको होती.

डेटाचें सिम आणि नंबराचें सिम या दोन निराळ्या वस्तू आहेत, हें पुतण्यानें मला ओट्यावर बसवून सांगितलें होतें. पहिल्यानें मी जगाला शोधूं शकतों. दुसऱ्यानें मला कोणी शोधूं शकतो. मीं पहिलें विकत घेतलें आणि दुसरें, घरचें, फुकट हातांत असलेलें, बंद केलें. कारण येणाऱ्या फोनला परदेशांत दर मिनिटास पैसे पडतात. किती पडले असते? मीं नंतर हिशेब केला. अकराही फोन मीं घेतले असते आणि प्रत्येकावर मिनिटभर बोललों असतों, तरी ती रक्कम पत्नीनें त्याच दिवशीं सकाळीं घेतलेल्या चामड्याच्या पट्ट्याहून कमी झाली असती.

मला परतावयाचें होतें. आईनें येऊं दिलें नाहीं. मनगटाला बारीक तडा होता, मांडीचें हाड शाबूत होतें, आणि तिच्या मतें एवढ्यासाठीं विमानाचे पैसे बुडविणें हा निव्वळ वेडेपणा होता. त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. शाहू महाराज १९०२ सालीं राज्यारोहणाच्या समारंभासाठीं विलायतेस गेले असतांना २६ जुलै रोजीं मागासलेल्या वर्गांसाठीं निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम करवीरच्या गॅझेटांत निघाला, हें आम्ही कोल्हापूरकर अभिमानानें सांगतों. राजा सातासमुद्रांपलीकडे असूनही त्याचें घराकडचें दार उघडें होतें. मी त्या रात्रीं मिलानच्या खिडकींत बसून असल्या गोष्टी आठवीत होतों, आणि दर पांच मिनिटांनीं फोनच्या माथ्यावर दोन्ही लाइनी दिसतात कीं नाहीं हें पाहत होतों.

दुसऱ्या दिवसापासून आईचा फोन रोज येऊं लागला. पुतण्याच्या व्हॉट्सअॅपवरून नव्हे. तिच्या स्वतःच्या बटणांवरून, डाव्या अंगठ्यानें, माझ्या नंबरावर. मीं "हॅलो" म्हणण्याच्या आंत ती विचारी, "लागला व्हय? बरं. ठेव आता, पैसं जात्यात तुझं." तिचा कोणताही फोन एक मिनिटापलीकडे गेला नाहीं. मिलानच्या ट्राममध्यें, दुकानांत, एकदां चर्चमध्येंही तो वाजला. तेथें एका पाद्र्यानें माझ्याकडे रागानें पाहिलें, आणि मीं त्याच्याकडे पाहून हंसलों. आम्ही परत आलों तेव्हां प्रवासाच्या सिमचे चार जीबी शिल्लक होते. मुदत संपल्यावर पुतण्यानें तें पाकीट फोनमधून पुसून टाकलें. त्याची रांगोळी मात्र अजून आमच्या देवघराच्या फडताळांत आहे. आईला तो कागद टाकवेना.

घरीं आल्याच्या पहिल्या संध्याकाळीं मी माजघरांत बॅगा उघडून बसलों होतों. खिशांतला फोन वाजला. पाहतों तों आईचा नंबर. आई शेजारच्याच खोलींत, प्लॅस्टरचा हात उशीवर ठेवून, आंथरुणावर पडली होती. मधें केवळ एक पडदा. मीं फोन घेतला.

"काय नाय रं," पडद्यापलीकडून आणि कानांतून एकदमच आवाज आला. "लागतोय का बघितलं."